टाकीवर गेलाय

पहिली घंटा व्हायच्या आत त्याला एक ओली चादर वाळवायची होती, आणि चादर काही वाळायचं नाव घेत नव्हती. इस्त्री फिरवली की वाफ यायची, वाफ आली की वास यायचा, आणि वास आला की तो दाराकडे बघायचा. दार आतून लावलेलं, खालच्या फटीत टॉवेल कोंबलेला, खिडकी सताड उघडी. तरी वासाला कोण अडवणार? टेबलाच्या टोकाला त्याचा धाकटा बसला होता, पाय लोंबकळत, बोटं मांड्यांखाली दाबून.

"दादा, आज पण कुणाला कळणार नाही ना?"

"आजवर कळलं का?"

"नाही."

"मग?"

तो 'मग' त्याने असा काही ठोकून दिला की जणू सगळं हॉस्टेल त्याच्या खिशात आहे. खरं तर त्याचीच टरकली होती. कारण आज शनिवार होता, आणि आज संध्याकाळी नावठेवणी होती.

नावठेवणी म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे. त्या हॉस्टेलात आईबापांनी ठेवलेलं नाव फाटकाबाहेर राहायचं. आत आलं की थोड्या दिवसांनी एका शनिवारी सगळी पोरं मोठ्या हॉलमध्ये जमायची, एकेका नव्या पोराला स्टुलावर उभं करायची, आणि त्याला नाव ठेवायची. दोन्ही अर्थांनी. प्रत्येक नव्या पोराला मोठ्या वर्गातला एक थोरला नेमून दिलेला असायचा, त्याने नाव सुचवायचं. हॉलला पटलं तर सगळे मिळून "चालेल!" म्हणून ओरडायचे, नाही पटलं तर "बदला!" आणि मग कुणीही काहीही ओरडायला मोकळा. एकदा 'चालेल' झालं की संपलं. शाळा सुटेपर्यंत तेच नाव, आणि खरं सांगायचं तर शाळा सुटल्यावरही तेच. म्हातारे झालेले माजी विद्यार्थी चांगले टाय लावून यायचे आणि एकमेकांना "काय रे बेडक्या" म्हणून मिठ्या मारायचे.

या चादर वाळवणाऱ्याचं नाव इस्त्री.

ते कसं पडलं तेही ऐका. त्याचे बाबा इस्त्रीवाले. रस्त्याच्या वळणावर एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर जुन्या घोंगड्यांची घडी, आणि वर सकाळपासून रात्रीपर्यंत दुसऱ्यांचे शर्ट. आई घरोघरी जाऊन गाठोडी आणायची, हा घड्या घालायचा. पहिलीत असताना त्याला पाढे येत नव्हते, पण फुल शर्टाची घडी डोळे मिटून यायची. पुढे कुठलीशी परीक्षा पास झाला, शाळेने त्याला फुकट घेतलं, आणि बाबा त्याला सोडायला आले. स्वतःचा एकुलता एक चांगला शर्ट घालून आले, त्याला अशी कडक इस्त्री की बाहीच्या धारेवर पेन्सिल सोलावी. हातावर मात्र भाजल्याचे जुने डाग, मनगटापासून कोपरापर्यंत. ते डाग फाटकाशी सगळ्यांनी बघितले. नावठेवणीच्या दिवशी त्याचा तेव्हाचा थोरला जरासुद्धा विचार न करता म्हणाला, "इस्त्री." हॉल कोसळला हसून. "चालेल!"

त्याला ते नाव नव्हतं वाटलं, बाबांच्या तोंडावर कुणीतरी थुंकल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा तोही टाकीवर गेला होता.

म्हणजे रडायला. 'टाकीवर जाणं' म्हणजे हॉस्टेलच्या भाषेत रडणं. कोणे एके काळी कुणीतरी खरंच मागच्या पाण्याच्या टाकीवर चढून रडला असेल, कुणाला माहीत. आता टाकीशी त्याचा काही संबंध राहिला नव्हता. संडासात जाऊन रडलास तरी टाकीवर गेलास, पांघरुणात रडलास तरी टाकीवरच. "कुठाय रे तो?" "टाकीवर गेलाय." मग समजून घ्यायचं, त्याच्या वाटेला जायचं नाही, तो डोळे पुसून आला की काहीच न झाल्यासारखं त्याला पंगतीत जागा द्यायची. हाही एक नियमच. कुणी लिहिलेला नव्हता, पण पाळायचे सगळे.

तर इस्त्री रडला, डोळे पुसले, आणि पुढच्याच आठवड्यात कपड्यांच्या खोलीत जाऊन मोठ्या पोरांच्या कॉलरी अशा कडक करून दिल्या की पोरं रांग लावायला लागली. नावाचा काटा त्याने असा स्वतःच्या हाताने काढला. आता तो शेवटच्या वर्षाला होता, हाऊस कॅप्टन होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी थोरला झाला होता.

धाकटा त्याला मिळाला तो हा असा. वाळक्या शेंगेएवढा जीव. आई गेली होती त्याची मागच्या वर्षी, बाबांची नोकरी सतत फिरतीची, म्हणून इथे. पहिल्या संध्याकाळी ट्रंकेवर बसून त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं, आजूबाजूची पोरं बघायला लागली, तेव्हा इस्त्री घाईघाईने त्याच्या कानाशी वाकून म्हणाला होता, "इथे नको रे. रडू आलं ना, की टाकीवर जायचं. सगळे तिथेच जातात." आणि गेला आपल्या कामाला. कॅप्टनला शंभर कामं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कळलं की पोरगा अंथरूण ओलं करतो. कुणाला काही न बोलता त्याने चादर उचलली, नळाखाली धरली, पिळली, आणि इस्त्री तापवली. तेव्हापासून रोज. गादीचं काय करणार, ती उलटी घालायची आणि वर कोरडी चादर तणावून बसवायची. वॉर्डन सर येऊन चादर बघायचे, गादी कोण बघतो?

आणि आज, नेमकं आज, दारावर थाप पडली.

"इस्त्री! ए इस्त्री! दार उघड, माझा शर्ट द्यायचाय संध्याकाळसाठी!"

भोंगा होता. वर्ग इस्त्रीचाच. हॉस्टेलात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर याचा. तो कुजबुजला तरी मैदानापलीकडची कुत्री उठायची. धाकटा टेबलावरून खाली उतरला आणि भिंतीला चिकटला, पालीसारखा.

"नंतर ये."

"नंतर काय नंतर? काय करतोयस आत?" मग जरा थांबून, नाकाने हुंगल्याचा आवाज. "कसला वास येतोय रे?"

इस्त्रीने खटकन इस्त्री उभी केली. भोंग्याने खिडकीकडून वळसा घेतला. खिडकीत त्याचं डोकं आलं, त्याने टेबलावरची चादर बघितली, मधला पिवळट डाग बघितला, भिंतीला चिकटलेलं पोरगं बघितलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की जणू लॉटरी लागली.

"अच्छाऽऽ! म्हणून कॅप्टनसाहेब पहाटे उठतात होय!"

"भोंग्या, हे बघ..."

"मी कुठे काय म्हटलं? शर्ट ठेवतो. कडक करून दे." शर्ट आत फेकला. जाताजाता म्हणाला, "आणि नावाचं टेन्शन घेऊ नकोस. माझ्याकडे तयार आहे एक."

तो गेला तरी त्याचं हसू खिडकीत लटकून राहिलं होतं.

"दादा, ते काय नाव ठेवणार?" धाकट्याने विचारलं.

"कुणी नाही ठेवणार. नाव मी ठेवणार. मी थोरला आहे ना तुझा?"

"तुम्ही काय ठेवणार?"

"आधी सांगायचं नसतं. नियम आहे."

आता बघा, इथे सांगितलं असतं तर? इतका साधा शब्द होता त्याच्या मनात. पण कॅप्टन ना! नियम म्हणजे नियम. धाकट्याने मान हलवली, चादर छातीशी धरली आणि गेला. आणि इस्त्रीला दिवसभर कशातच लक्ष लागेना. भोंगा ज्या पोराशी बोलताना दिसे ते पोरगं हसताना दिसे. जेवताना एका टेबलावरून कुणीतरी नळ सोडल्यासारखा "सूंऽऽ" असा आवाज काढला आणि दहाबारा जण फिदीफिदी हसले. धाकटा खाली मान घालून जेवत होता. जेवत कसला, पाव कुस्करत होता. पाण्याच्या पेल्याला त्याने हातही लावला नाही. ते इस्त्रीने बघितलं आणि ताट बाजूला सारलं. पाणी प्यायलंच नाही तर रात्री होणारच नाही, असा हिशोब करत होतं ते पोर.

भोंग्याला त्याने व्हरांड्यात गाठलं.

"लेका, एवढंसं पोर आहे ते."

"आपण पण एवढेसे होतो."

"आई नाही त्याला."

भोंग्याचा चेहरा क्षणभर हलला, पण आजूबाजूला चार जण उभे होते ना, मग कसा ऐकेल? "म्हणून काय नाव ठेवायचं नाही? तुला नाही ठेवलं? मला नाही ठेवलं? का कॅप्टनच्या धाकट्याला वेगळा कायदा?" खरंच होतं ते. इस्त्रीने इतकी वर्षं स्टुलाभोवती उभं राहून सगळ्यांसारखंच "चालेल!" केलं होतं.

उन्हं कलली तशी हॉलमध्ये बाकं सरकवायचा आवाज सुरू झाला. इस्त्री कपड्यांच्या खोलीत उभा, समोर शर्टांचा ढीग, दाराशी पोरांची रांग. नावठेवणीला सगळ्यांनी कडक कपड्यांत यायचं हीही एक रीत. भोंग्याचा शर्ट टेबलावर पसरलेला. हात आपोआप चालत होते आणि डोक्यात एकच: 'बदला' ओरडले तर? आपण नाव घेतलं आणि हॉलने 'बदला' केलं, आणि मग भोंग्याने तोंड उघडलं तर? ते नाव त्या पोराच्या कपाळावर गोंदलं जाणार. ते पोर परत फाटकाबाहेर जाईल आणि पुन्हा बोलणारही नाही कुणाशी.

दारात एक नवा पोरगा आला. जाड चष्मा, मोजे खाली आलेले. धाकट्याच्या शेजारच्या पलंगावरचा.

"दादा, सर विचारतायत सगळे नवे जमले का म्हणून. आम्ही सगळे आलोय. फक्त तुमचा नाहीये."

"कुठाय?"

"टाकीवर गेलाय."

रांगेत उभी असलेली पोरं हसली. इस्त्रीच्याही ओठांवर हसू आलं, खोटं कशाला बोला. वाटलं, घ्या, शिकला आपली भाषा. जाऊ दे, रडू दे थोडं, मोकळा होईल. आपण नव्हतो का रडलो? शहाणपणच आहे, हॉलमध्ये रडण्यापेक्षा आधी रडून घेतलेलं बरं. "बरं, येईल तो," असं म्हणून त्याने भोंग्याच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री ठेवली.

चष्मेवाला तिथेच उभा. हसत नव्हता तो.

आणि इस्त्रीचा हात थांबला. हा काय म्हणाला? आणि हा का नाही हसला? हाही नवाच. कालपरवा आलेला. याला आपली भाषा कुठून येणार?

"टाकीवर म्हणजे कुठे रे?"

"म्हणजे टाकीवर." चष्मेवाल्याला प्रश्नच कळला नाही. "मागे, भटारखान्याच्या पलीकडे. लोखंडी शिडी आहे ना, तिथे. तो म्हणाला, दादांनी सांगितलंय, रडायचं असेल तर तिथेच जायचं असतं."

इस्त्री कसा पळाला ते त्याचं त्यालाही आठवत नाही. इस्त्री शर्टावरच राहिली. मागून कुणीतरी "अरे जळतंय, जळतंय!" म्हणून ओरडलं ते त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

भटारखान्याच्या मागे ती टाकी. चार सिमेंटचे खांब, वर गोल पोट. एका खांबाला उभी शिडी, गंजून पोपडे आलेली. पोरं चढू नयेत म्हणून खालच्या पायऱ्या शाळेने कधीच कापून टाकल्या होत्या. पण तिथे आता एक रिकामं पिंप पालथं घातलेलं होतं. आणि पिंपाशेजारी, गवतात, शिडीची एक पायरी पडली होती. ताजी तुटलेली. टोकं चकचकीत.

त्याने वर बघितलं. टाकीच्या पोटाखाली सिमेंटची एक अरुंद पट्टी होती, तिच्यावर पाठ टेकून, गुडघे छातीशी घेऊन तो बसला होता. इथून मुठीएवढा दिसत होता.

"ए!" इस्त्रीचा आवाज फाटला. "हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

"दादा, पायरी तुटली," वरून बारीक आवाज आला. रडका नव्हता. रडून संपलेला होता. "मी वर आलो आणि तुटली. आता पाय पोचत नाही."

मागून चपलांचे आवाज. चष्मेवाला, त्याच्यामागे रांगेतली पोरं, आणि सगळ्यात मागून भोंगा, उघडाच, हातात स्वतःचा शर्ट. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी भोक. "माझा शर्ट कुणी..." एवढं म्हणाला आणि त्याची नजर सगळ्यांबरोबर वर गेली. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याचा आवाज बसला.

"सरांना बोलव," इस्त्री म्हणाला आणि पिंपावर चढला.

"तू कुठे चाललास? त्या शिडीला तू झेपणार नाहीस, इस्त्री! त्याचं वजन किती, तुझं किती!" भोंगा बसक्या आवाजात म्हणाला.

"मग काय करू? इथून टाळ्या वाजवू?"

पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसा खांबात बसवलेला बोल्ट कुरकुरला. दुसऱ्या पायरीला लाल भुकटी खाली सांडली. त्याला उंचीची भीती होती, हे कुणाला माहीत नव्हतं. कॅप्टनला भीती असून चालते होय? त्याने डोळे समोरच्या सिमेंटवर लावले आणि चढत राहिला. आणि मग ती जागा आली जिथे पायरीच नव्हती. वर एक होती, लांब. तिला तो पोचला असता, पण हाताने ओढून बघितली तर ती दातासारखी हलत होती.

तिथेच थांबला. धाकट्याचे बूट त्याच्या डोक्याच्या जरासे वर. नाडी सुटलेली.

"नाडी कोण बांधणार?" त्याला दुसरं काही सुचेचना.

वरचे बूट आणखी आत सरकले.

"ऐक. तोंड भिंतीकडे कर. हळू. पट्टीला धर आणि पाय खाली सोड. माझा खांदा आहे बघ खाली. खांद्यावर पाय ठेवायचा, बस."

"नाही."

"भीती वाटते?"

"नाही. खाली आलो की स्टुलावर उभं करणार."

खाली गर्दी वाढत होती. इस्त्रीचे तळहात घामाने सरकत होते. त्याने एक हात पँटला पुसला, मग दुसरा.

"मी तुझं नाव ठरवलंय. सांगू?"

"नियम आहे ना?"

"खड्ड्यात गेला नियम. पारवा. तू रोज पाव कुस्करून त्यांना टाकतोस ना खिडकीत, म्हणून. पारवा. छान आहे की नाही?"

मग वरून, अगदी विचार करून, "पारवे सगळीकडे घाण करतात."

अशा ठिकाणी, अशा वेळी, लोंबकळत असताना इस्त्रीला हसू फुटलं. खरंच की! किती दिवस विचार करून काढलेलं नाव, आणि भोंग्याने ते असंच हाणून पाडलं असतं.

"दादा, तुम्ही पण इथे येऊन रडलात का? पहिल्यांदा?"

आता काय सांगणार? "नाही रे," तो म्हणाला, "मी संडासात रडलो होतो. इथे कुणीच येत नाही. टाकीवर जाणं म्हणजे नुसतं बोलायचं असतं. कुठेही रडलं तरी आम्ही टाकीवरच म्हणतो. मी तुला नीट सांगायला पाहिजे होतं. घाईत होतो. माझं चुकलं."

"म्हणजे मी एकटाच वर आलो?"

"एकटाच."

तेवढ्यात खालून आवाज आला. कसला आवाज! भोंग्याचा बसलेला गळा उघडला होता. तो हॉस्टेलच्या दिशेने पळत सुटला होता आणि पळता पळता ओरडत होता, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा, "गाद्या काढाऽऽ! सगळ्यांच्या गाद्या काढाऽऽ! टाकीखाली आणाऽऽ!"

आणि मग जे झालं ते धाकट्याने वरून बघितलं. दारांतून, जिन्यांवरून, खिडक्यांतून गाद्या बाहेर पडायला लागल्या. कुणी डोक्यावर, कुणी पाठीवर, दोघं दोघं मिळून एक अशा, फरफटत, धडपडत. वॉर्डन सर सदऱ्याची बटणं उघडी टाकून धावत आले, वर बघितलं, एक शब्द बोलले नाहीत, परत वळले आणि खोलीतून स्वतःची गादी खांद्यावर घेऊन आले. घाईत कुणी चादरी काढल्या होत्या, कुणाच्या ओढता ओढता निघाल्या होत्या. शिडीखाली उघड्या गाद्यांचा डोंगर झाला.

आणि प्रत्येक गादीवर नकाशा होता.

लहान, मोठे, एकावर एक, पिवळे, तपकिरी, कडांना गडद. त्या हॉस्टेलात गाद्या नव्या कुठून येणार? मागच्या पोरांकडून पुढच्या पोरांकडे येत गेलेल्या. किती जणांनी किती रात्री त्या उलट्या घातल्या होत्या आणि वर चादर तणावून बसवली होती, देव जाणे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळे नकाशे लख्ख दिसत होते. पोरांनाही दिसले. गाद्या टाकता टाकता हात हळू झाले. कुणी कुणाकडे बघेना. भोंग्याने आपली गादी टाकली, ती नेमकी सुलटी पडली, आणि तिच्यावर तर अख्खा खंड होता.

"हा चहाचा आहे," वॉर्डन सर स्वतःच्या गादीकडे बघून म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"दादा," वरून आवाज आला. "यातली माझी कुठली?"

इस्त्रीने मान वळवून खाली बघितलं. उंची, भीती, सगळं विसरून बघितलं. "कळत नाही रे," तो म्हणाला. आणि खरंच कळत नव्हतं.

सिमेंटवर बूट घासल्याचा आवाज आला. मग एक पाय खाली आला, हवेत चाचपडला, आणि त्याच्या खांद्यावर टेकला. मग दुसरा. काय ते वजन, चादरीच्या पिळ्याएवढं! पण शिडीला ते पुष्कळ झालं. वरचा बोल्ट कुरकुरला, शिडी खांबापासून बोटभर सुटली, खालच्या सगळ्यांनी एकदम श्वास घेतलेला त्याला ऐकू आला.

"माझ्या डोक्याला धर. केस धर. ओढ हवे तेवढे."

पोराने केस धरले. एक पायरी. थांबायचं. कुरकुर ऐकायची. पुढची पायरी. इस्त्री बडबडत होता, काहीही, बाही कशी मारायची, कॉलर आधी का मारायची, बटणांमधून टोक कसं फिरवायचं. "आधी कॉलर, मग खांदा, मग बाही, घाई करायची नाही, घाई केली की चुणी पडते..." पाठीला खालच्या माणसांची ऊब जाणवायला लागली, कुणीतरी म्हणालं "आलं, आलं", आणि त्याच वेळी पायाखालची पायरी कट्कन गेली.

दोघंही पाठीवर पडले. धप्प. गाद्यांत. धुळीचा आणि जुन्या कापसाचा आणि त्या वासाचा एक मोठा ढग उठला, आणि सगळेच खोकायला लागले.

इस्त्रीने पहिल्यांदा पोराचे हात बघितले, मग पाय, मग डोकं चाचपलं. सगळं जागच्या जागी. मग त्याला इतकं रडू आलं, इतकं, की त्याने तोंड गादीत खुपसलं. हॉस्टेलचा कॅप्टन, सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही. एकजण फक्त हळूच म्हणाला, "टाकीवर गेलाय," आणि बाकीच्यांनी दुसरीकडे बघितलं. नियम तो नियम.

हॉलमध्ये परत जायचं कुणाला सुचलं नाही. सगळे तिथेच गाद्यांवर बसले. सर म्हणाले, "उद्या पहिलं काम, ही शिडी मुळासकट काढायची," आणि तेही आपल्या चहाच्या गादीवर बसले. मग कुणाचं तरी लक्ष धाकट्याकडे गेलं. तो गाद्यांच्या ढिगावर उभा होता. स्टुलापेक्षा उंच. आणि त्याच्याही आणि सगळ्यांच्याही एकदमच लक्षात आलं.

भोंगा उभा राहिला. जळका शर्ट त्याने अंगात घातला होता. "माझ्याकडे एक नाव तयार होतं," तो म्हणाला. धाकट्याने इस्त्रीची बाही घट्ट धरली. इस्त्री अर्धा उठला, मूठ आवळून. भोंग्याने स्वतःच्या गादीकडे बघितलं, मग डोकं खाजवलं. "च्यायला, विसरलो."

पोरं हसली, पण जपून.

"थोरल्याने सांगायचं!" मागून कुणीतरी ओरडलं.

पारवा तर गेलाच होता. इस्त्री धाकट्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर, आजवर कुणी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "तुला काय हवं?"

पोराने वर बघितलं, त्या गोल पोटाकडे.

"टाकी," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला काही कळेना. टाकी? गळणारी? आणि हा स्वतःच मागतोय? भोंग्याचे गाल फुगायला लागले, त्याने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. आणि इस्त्रीला आठवल्या त्या मोठ्या पोरांच्या कडक कॉलरी, आणि आपल्यापुढे लागलेली रांग. त्याच्याच छातीतून पहिला आवाज निघाला.

"चालेल!"

"चालेऽऽल!" बाकीच्यांनी उचललं, भटारखान्याची भांडी वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या घंटेआधी इस्त्रीला सवयीने जाग आली. धाकट्याच्या पलंगावर चादर नव्हती. तो धावत व्हरांड्यात आला. अंगणातल्या दोरीवर, भर उजेडात, टाचा उंच करून पोरगा आपली ओली चादर टाकत होता. शेजारी आणखी एक चादर आधीच वाळत होती. कुणाची ते कुणी विचारलं नाही. वरच्या खिडकीतून भोंग्याचं झोपाळलेलं डोकं बाहेर आलं.

"ए टाकी! गळतेयस का?"

पोराने चिमटा लावला, मग वळून वर बघितलं.

"तुम्ही आधी तुमच्या शर्टाचं भोक बुजवा!"

इस्त्री आत गेला आणि परत झोपला.